दाब, धर, सोड

१० ऑक्टोबर २०२६, शनिवार. सकाळी ७.१०

आजपासून गाडीची वही वेगळी. घराची, तब्येतीची आणि नळाच्या पाण्याची आहेच.

वस्तुस्थिती अशी. डॅशबोर्डावर एबीएसचा, म्हणजे ब्रेकच्या यंत्रणेचा, पिवळा दिवा पोळ्यापासून पेटलेला आहे. जालना रोडवरच्या गॅरेजवाल्या राजानंदला गाडी दाखवली. तो म्हणाला, सर, एबीएसचा पंप गेला. पंप बदलू, पण बदलला की आत हवा अडकते, ती स्कॅनर जोडून काढावी लागते, गाडी एक दिवस सोडा. मी म्हणालो, बघतो. त्याचा समज झाला की मी गाडी सोडायचं बघतो. मी म्हणत होतो की पंपाचं मी बघतो.

मला कोणी काही शिकवलेलं नाही. मिक्सर, शिलाई मशीन, मोटारीचा स्टार्टर, कॉलेजच्या हापिसातला प्रिंटर, सगळं स्वतःचं स्वतः. एबीएसवर चौदा व्हिडिओ पाहून झाले, त्यातले नऊ दोनदा. संभाजीनगरच्या जुन्या बाजारातून पंप आणला. जुना आहे पण चेहरा चांगला आहे.

मुदत: रजनीची ड्रायव्हिंगची टेस्ट २६ तारखेला, सोमवारी, जालन्याला. तिचं शिकाऊ लायसन्स २८ ला संपतं. म्हणजे ही टेस्ट हुकली की पुन्हा पहिल्यापासून. रजनी पिंपळगाव रेणुकाईला शाळेवर आहे. एकोणीस वर्षं भोकरदनहून बसनं जाते, बहुतेक उभ्यानं. दिवाळीनंतर आपली आपण गाडीनं जायचं असं तिनं ठरवलंय. क्लासवाला म्हणत होता, मॅडम, टेस्ट आमच्याच गाडीवर द्या. मी साफ नाही सांगितलं. घरात चूल असताना शेजारी जाऊन भाकरी थापायची का?

रजनी एवढंच म्हणाली, वेळेत होऊ द्या म्हणजे झालं.

सोळा दिवस आहेत. मला दोन लागतील.

११ ऑक्टोबर, रविवार. घटस्थापना

जुना पंप काढला. सहा नळ्या. प्रत्येकीला चिकटपट्टी लावून नंबर टाकले, फोटो काढले, शिवाय कागदावर चित्र. नवा बसवला. वेळ: चार तास दहा मिनिटं. व्हिडिओतल्या माणसाला चाळीस मिनिटं लागली, पण त्याला मधे दोनदा आरतीला उठावं लागलं नव्हतं.

ब्रेक ऑइल थोडं मडगार्डवर सांडलं. रंग गेला. रुपयाएवढा. कंपनीचा रंगच कच्चा.

१२ ऑक्टोबर, सोमवार

हापिसात एका मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज परत केला. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपून चार दिवस झाले होते. तिचे वडील हात जोडून म्हणाले, साहेब, चारच दिवस. मी म्हणालो, मुदत म्हणजे मुदत. आज चार दिवस सोडले तर उद्या लोक चार वर्षं मागतील.

संध्याकाळी ६.१५ ला एअर काढायला घेतली. रीत लिहून ठेवतो. ब्रेकच्या नळ्यांत तेल असतं, तिथं हवा चालत नाही. हवा राहिली की पॅडल भुसभुशीत लागतं आणि गाडी थांबत नाही. म्हणून एकानं आत बसून पॅडल दाबून धरायचं. दुसऱ्यानं चाकामागचा निपल, म्हणजे हवा काढायचा छोटा स्क्रू, दहाच्या पान्यानं ढिला करायचा. तेलाबरोबर बुडबुडे बाहेर. निपल बंद. मग पॅडल सोडायचं. निपल उघडा असताना सोडलं की हवा उलटी आत. एवढंच शास्त्र आहे.

हुकूम तीन ठेवले: दाब, धर, सोड.

पॅडलवर रजनी. बसमधून उतरून पर्ससकट आली होती. चारही चाकं झाली, एक तास वीस मिनिटं. पॅडल तळाला जातंय. ती म्हणाली, अहो, कणकेत पाय ठेवल्यासारखं लागतंय. मी तिला समजावलं, ब्रेक बराबर आहे, पाय शिकवावा लागेल. दाबताना अंगठा आणि टाच यांत जो मेळ लागतो तो तिच्याकडे अजून नाही.

ती म्हणाली, दिवसभर सातवीच्या पोरांपुढं उभी होते, टाचेला विचारून सांगते.

१३ ऑक्टोबर, मंगळवार. पहाटे ५.३०

शोध लागला. मी उजव्या मागच्या चाकापासून सुरुवात केली होती, व्हिडिओप्रमाणे. पण तो माणूस परदेशातला. त्याचं स्टेअरिंग डावीकडे! सुरुवात करायची असते सगळ्यात लांबच्या चाकापासून. म्हणजे आपल्याकडे मागचं डावं आधी. अख्खा देश हा व्हिडिओ पाहून उलट्या बाजूनं हवा काढत असणार. कुणाला तरी कळवायला पाहिजे.

संध्याकाळी नव्या क्रमानं दुसरी फेरी. पॅडल किंचित वर. रजनीला सांगितलं, बघ. ती म्हणाली, बसून बसून माझा पाय खाली गेला असेल. तिनं कालच्या सातवीच्या वह्या आज गाडीतच तपासल्या. "धर" आणि "सोड" यांच्या मधे. एका वहीत "शाब्बास" लिहिताना पॅडल सुटलं. हवा आत. नोंद केली.

शेजारचा कारभारी कुंपणावर हात ठेवून बघत होता. नळीतून बाटलीत तेल पडताना पाहून म्हणाला, गजाभौ, दोन दिस दूध काढून राह्यलात, म्हैस आटली न्हाई का अजून?

अशिक्षित माणूस नाही. बी. ए. आहे.

१५ ऑक्टोबर, गुरुवार

रजनीच्या शाळेत भोंडला. पॅडलवर कारभारी.

याचा पाय ट्रॅक्टरचा. मी "दाब" म्हणालो, त्यानं दाबलं. नळी निपलवरून निघाली आणि तेल माझ्या तोंडावर, शर्टावर, मडगार्डवर. साबणानं तीनदा तोंड धुतलं, तरी कडवट. मी विचारलं, एवढ्या जोरात? तो म्हणाला, तुमीच म्हणले दाब, किती ते कुठं म्हणले?

मुद्दा आहे. हुकमांत प्रमाण नाही. पण तीन हुकमांची शिस्त मोडायची नाही.

मडगार्डवर रंग गेला, पुरीएवढा.

राजानंद मोटारसायकलवरून चालला होता. थांबला. म्हणाला, सर, पंपाच्या आतली हवा पायानं निघत नाही, स्कॅनर लावला की पंप आतून फिरतो, मगच निघते. पाहिजे तर घरी येतो, मॅडमची टेस्ट आहे ना? मी म्हणालो, टेस्ट मॅडमची आहे, माझी नाही. तो गेला.

यंत्राला यंत्र लागत नाही. यंत्राला सबुरी लागते.

१८ ऑक्टोबर, रविवार

तिसरी फेरी. पॅडल आता तळापासून दोन बोटं वर थांबतं. मोजपट्टीनं मोजलं: ३.४ सेंटिमीटर. रजनी म्हणाली, आता कणीक जरा घट्ट झाली. यातलं कौतुक तिनं लपवलंय पण मला कळलं.

उद्या चौथी आणि शेवटची फेरी. संकल्प: प्रत्येक चाक पूर्ण झालं की वहीत लगेच बरोबरची खूण. म्हणजे गोंधळ नाही.

१९ ऑक्टोबर, सोमवार. खांडेनवमी

सकाळी ६.४० ला मागचं डावं घेतलं. चाक काढलं. रजनीनं पंधरा वेळा दाबलं, एकही बुडबुडा नाही. चाक उत्तम झालं. निपल अजून उघडाच होता, पण काम झाल्यासारखंच होतं म्हणून वहीत खूण केली. शेवटच्या वेळी तिला धरायला सांगून मी आत पळालो. हापिसातून फोन होता, शिपाई किल्ली विचारत होता. सतरा मिनिटं लागली.

बाहेर येतो तर पाने नाहीत. एकही नाही. आत पाहिलं तर देवघरापुढं पाट, पाटावर माझी सगळी हत्यारं धुऊन पुसून मांडलेली, हळदकुंकू वाहिलेलं, झेंडूचं फूल प्रत्येकावर. दहाचा पाना मधोमध. शेजारी तिचं पेन आणि शिकाऊ लायसन्स. रजनी म्हणाली, धरून धरून पाय आखडला, सोडलं शेवटी. शाळेची वेळ झाली म्हणून पूजा उरकली.

मी म्हणालो, दहाचा पाना एक मिनिट दे.

ती म्हणाली, पूजेतलं हत्यार उठवत नाहीत, उद्या संध्याकाळी सीमोल्लंघन झालं की घ्या.

मी म्हणालो, अर्धा मिनिट. पाव वेढा फिरवायचाय.

ती म्हणाली, एकोणीस वर्षांत तुम्ही एकदाही खांडेनवमीला पाना उचलला नाही, आणि आज माझं लायसन्स पाटावर असताना उचलणार?

तिची श्रद्धा आहे. माझीही आहे, फक्त ती पाव वेढा कमी आहे.

चिठ्ठी लिहिली: "मागील डावे – निपल बंद करणे." पाकिटात ठेवली, लायसन्सच्या मागे, म्हणजे हरवायचा प्रश्न नाही. मला चिठ्ठीची गरज लागत नाही. पद्धत म्हणून.

२० ऑक्टोबर, मंगळवार. दसरा

गाडी धुतली. हार, स्वस्तिक, पुढच्या चाकाखाली लिंबू. गाडी चालू करून लिंबावरून नेली नाही, कारण मागचं डावं चाक अजून काढलेलंच आहे, शिवाय थांबेल की नाही याचा अभ्यास चालू आहे. कारभारी आपट्याची पानं द्यायला आला आणि म्हणाला, लिंबू तसंच ठिवा गजाभौ, सरबताला होईल.

२१ ऑक्टोबर, बुधवार

वही उघडली. मागचं डावं: खूण आहे. म्हणजे पूर्ण. चाक चढवलं, नट आवळले. मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं उरकलं. चौथी फेरी समाप्त, ७.२५. नोंदीचा हा फायदा. डोक्यावर भार नाही.

पॅडल मात्र रविवारपेक्षा खाली. २.१ सेंटिमीटर. हवामान बदललंय. सकाळी गारठा असतो.

२२ ऑक्टोबर, गुरुवार

टाकीतलं ब्रेक ऑइल खालच्या रेषेवर. भरलं. पंप नवा आहे, पिणारच.

रजनी झाडताना म्हणाली, अहो, मागच्या डाव्या चाकापाशी जमीन ओली का आहे? मी म्हणालो, सडा टाकतेस त्याचं पाणी. ती म्हणाली, सडा मी दारात टाकते, गाडीखाली नाही. मी म्हणालो, उतार आहे. ती म्हणाली, उतार गाडीकडून दाराकडं आहे.

स्पिरिट लेव्हल लावून पाहिली. उतार गाडीकडून दाराकडं आहे. मग मांजर असेल.

२३ ऑक्टोबर, शुक्रवार

ऑइल पुन्हा खाली. भरलं. मांजरावर पाळत ठेवली. आलं नाही. हुशार असतात.

रजनीनं संध्याकाळी स्वतःहून विचारलं, आज पाय पाहिजे का? तिच्यात गोडी निर्माण झालीय. पाचवी फेरी, मागचं डावं सोडून, कारण तिथं एकही बुडबुडा नव्हता आणि खूण आहे. आता हुकूम द्यायच्या आधीच ती दाबते, धरते, सोडते. मला फक्त पाना फिरवावा लागतो. ती म्हणाली, परवा क्लासवाल्यानं विचारलं, मॅडम, ब्रेकवर पाय इतका सफाईदार कसा? मी सांगितलं, घरी नवऱ्यानं बसवलाय.

हे मी मुद्दाम उतरवून ठेवतोय.

२४ ऑक्टोबर, शनिवार. संध्याकाळी ६.३०

चाचणी घेतली. ठिकाण: कारभारीच्या शेताकडची पांदण. वेग: ताशी वीस. सोबत: कोणी नाही. रजनी म्हणाली, आधी तुम्ही.

पहिला ब्रेक: उत्तम. दुसरा: चालेल. तिसरा: पॅडल तळाला टेकलं आणि तिथंच राहिलं. समोर कारभारीच्या खळ्यावर मक्याच्या कणसांचा ढीग. हँडब्रेक ओढला. गाडी थांबली.

थांबायला लागलेलं अंतर: चौदा मीटर, त्यात साधारण दीड मीटर मका.

कारभारी पळत आला. आधी मला पाहिलं, मग मक्याला, मग पुन्हा मला. म्हणाला, गजाभौ, मळणी यंत्र उद्या सांगितलंच हाय, तुमी कशाला तकलीफ घेतली? मग दोरी लावून ट्रॅक्टरनं गाडी घरी आणली. रस्त्यावर जेवढे लोक भेटले तेवढ्यांना त्यानं हात केला. गरज नव्हती.

रजनी गाडीच्या पुढच्या जाळीतून मक्याचे दाणे वेचत बसली. सगळे वेचून झाल्यावर तिनं ओंजळ माझ्यापुढं धरली आणि म्हणाली, अहो, माझी परवा टेस्ट आहे.

मी म्हणालो, उद्या रविवार आहे, सहावी फेरी.

ती आत गेली आणि क्लासवाल्याला फोन केला. उद्या दिवसभर त्याच्या गाडीवर सराव, परवा त्याच्याच गाडीवर टेस्ट. ऐन वेळी तिचा माझ्यावरचा विश्वास डळमळला. परीक्षेची भीती माणसाला असं करते. मी मोठ्या मनानं घेतलं.

२५ ऑक्टोबर, रविवार

सहावी फेरी झाली नाही. पाय क्लासला गेला होता.

२६ ऑक्टोबर, सोमवार. रात्री जेवणानंतर

जसं घडलं तसं लिहितो. नोंद म्हणजे नोंद.

हापिसातून रजा घेतली. जालन्याला बसनं गेलो, दोघंही उभ्यानं. क्लासची गाडी तिथं परस्पर आली होती. रजनीचा नंबर सातवा. मी धीर दिला, सांगितलं की घाबरू नकोस, वीस वर्षं गाडी चालवणारा माणूस तुझ्यासोबत आहे. ती म्हणाली, तुम्ही फक्त इथं बाकावर बसा.

मी बसलो होतो. पण टेबलावरच्या तिच्या अर्जावर तारखेच्या रकान्यात शाई पसरलेली दिसली. अशा गोष्टीकडे मी कानाडोळा करू शकत नाही. उठलो आणि टेस्ट घेणाऱ्या साहेबांना सांगितलं, या रकान्यात वर्ष स्पष्ट दिसत नाही, पुढं त्रास होतो. ते म्हणाले, आपण? मी म्हणालो, अर्जदाराचा नवरा, वीस वर्षांचा परवानाधारक चालक. ते शांतपणे म्हणाले, अरे वा, बघू परवाना.

मी पाकीट काढलं. लायसन्स ओढलं तशी त्यामागून एक चिठ्ठी टेबलावर पडली.

साहेबांनी आधी लायसन्स पाहिलं. मग चष्मा वर करून पुन्हा पाहिलं. म्हणाले, याची मुदत तेरा ऑगस्ट दोन हजार पंचवीसला संपली.

मी म्हणालो, शक्य नाही. त्यांनी फिरवून दाखवलं. माझ्या पन्नासाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी संपलंय. तेव्हा घरी केक आणला होता. लायसन्सचं कोणी बोललं नाही.

मी म्हणालो, नूतनीकरण करून टाकतो. ते म्हणाले, वर्ष उलटून गेलं. आता शिकाऊपासून. पुन्हा टेस्ट द्यावी लागेल.

मी म्हणालो, साहेब, दोनच महिने वर झालेत.

त्यांनी लायसन्स माझ्याकडं सरकवलं. मला हापिसातला तो हात जोडलेला बाप आठवला. कारण कळलं नाही, पण आठवला.

मग त्यांनी चिठ्ठी उचलली आणि मोठ्यानं वाचली, "मागील डावे, निपल बंद करणे." विचारलं, हे काय? मी म्हणालो, खाजगी आहे. मागं रजनी उभी होती. तिनं चिठ्ठी त्यांच्या हातून घेतली, वाचली, घडी घालून पर्समध्ये ठेवली. खांडेनवमीपासून आजपर्यंतचे दिवस ती मनात मोजत होती हे मला तिच्या ओठांवरून दिसलं. सात.

मग ती गाडीत बसली आणि टेस्ट दिली. चढावर थांबून गाडी एक बोटही मागं न येऊ देता पुढं काढली. साहेब म्हणाले, ब्रेकवर पाय फार चांगला आहे, कुठं शिकलात?

तिनं माझ्याकडं पाहिलं. म्हणाली, भोकरदनला.

पास.

परतीच्या बसमध्ये एक जागा मिळाली. मी म्हणालो, तू बस. ती बसली.

२७ ऑक्टोबर, मंगळवार

राजानंद आला. मी बोलावलं नव्हतं. मागच्या डाव्या चाकाखाली वाकला आणि म्हणाला, सर, हा निपल पाव वेढा उघडा आहे. मी म्हणालो, माहीत आहे, नोंद आहे.

त्यानं निपल बंद केला, ऑइल भरलं, स्कॅनर जोडला. पंप आतून घर्र घर्र फिरला. पॅडलवर रजनी. त्यानं हुकूम दिलेच नाहीत, ती आपली दाबत, धरत, सोडत होती. चारही चाकं, पस्तीस मिनिटं. पॅडल दगडासारखं. पिवळा दिवा गेला. राजानंद म्हणाला, मॅडम, कधी शाळा सोडली तर गॅरेजला या, असा पाय मिळत नाही.

नव्वद टक्के हवा मी आधीच काढली होती. राजानंदला तसं सांगितलं. तो म्हणाला, बरोबर आहे सर, आणि परत भरलीही तुम्हीच.

मडगार्डवरचा पट्टा आता भाकरीएवढा आहे. त्याचं राजानंद बघेल असं रजनीनं ठरवलं. मी "बघतो" म्हणालो नाही.

हापिसात त्या मुलीच्या वडिलांना फोन केला. नवा दाखला कुठं, किती दिवसांत मिळतो ते सांगितलं. शेवटची तारीख दोनदा सांगितली.

१ नोव्हेंबर, रविवार. सकाळी ७.४०

शिकाऊ लायसन्स काल मिळालं. मुदत वहीत, भिंतीवर आणि फोनमध्ये नोंदली. गाडीला पुढं आणि मागं लाल एल लावला. स्पिरिट लेव्हल धरून लावला, दोन्ही बराबर सरळ आहेत.

शिकाऊ माणसाशेजारी परवानाधारक बसावा लागतो. घरात एकच आहे. ती डावीकडे बसली, मांडीवर पर्स, पर्समध्ये तिच्या पक्क्या लायसन्सची पावती. म्हणाली, चला.

कारभारी कुंपणावर होता. खळ्याकडं जाऊन मळलेल्या मक्याच्या ढिगापुढं उभा राहिला. गाडी निघाली. पांदणीच्या तोंडाशी त्याचं वासरू आडवं आलं.

रजनी आवाज न चढवता म्हणाली, अहो, दाबा.

दाबला.

धरा.

धरला. वासरू सावकाश गेलं. वळून पाहिलं आणि मग गेलं.

सोडा.

सोडताना जरा हिसका बसला. मी म्हणालो, अजून थोडी हवा असावी.

ती म्हणाली, ब्रेक बराबर आहे. पाय शिकवावा लागेल.